परवानगी कोणाची, मालकी कोणाची

'परवानगी' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि आल्यापासून बहुतेक कचेरीतच राहिला. तो घरच्या टेबलावर कसा येऊन बसला, तेवढे आज सांगावयाचे आहे. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. जे सांगू ते वाचून आणि हात पोळून घेऊन शिकलेले आहे.

निमित्त इंझोरीतलेच. रोजगार हमीच्या मजुरांच्या हजेरीच्या प्रती, कोणाचे किती दिवस भरले, किती मजुरी थकली, हे सारे टिपण आमच्या घरच्या संगणकात होते. यंत्र बिघडले. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने घातले आणि खाते पूर्वीच्याच नावाने उघडून दिले. नाव तेच, संकेतशब्द तोच, टिपणेही जागच्या जागी. पण उघडू जावे तर उत्तर एकच, परवानगी नाही! 'सगळे पुसून टाका,' असा सल्ला मिळाला. दहा-बारा बायांची थकलेली मजुरी त्या टिपणावर उभी होती. पुसणार कसे?

म्हणून आम्ही या परवानगीच्या मुळाशी गेलो. १९६१ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत एकच मोठे यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची सोय झाली, आणि एकाचे काम दुसऱ्याने पाहू नये म्हणून संकेतशब्द आला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला यंत्राचा वेळ पुरेना म्हणून, संकेतशब्दांची सारी यादीच छापून घेतली. कुलूप आणि चोरी ही जुळी भावंडे म्हणावयाची! १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला. त्यात प्रत्येक कागदाला एक धनी, एक गट आणि उरलेले सारे, अशी वाटणी पुढे रूढ झाली. आणि या सर्वांच्या वर एक महावापरकर्ता, ज्याला कोणी अडवीत नाही. आपल्याकडची वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली. यंत्रातली मात्र अजून टिकून आहे.

घरच्या संगणकावर प्रथम उलटा प्रकार होता. १९८१च्या डॉसमध्ये आणि १९९५च्या विंडोजमध्ये जो पुढे बसेल तो राजा. १९९३च्या विंडोज एनटीने खरी कुलपे आणली, पण ती कचेऱ्यांसाठी. तीच घडण २००१ साली एक्सपीच्या रूपाने घरोघर आली. परंतु सुरुवातीला उघडलेली खाती सगळीच प्रशासकाची! त्यामुळे बाहेरून शिरलेला भामटाही प्रशासकाच्याच अधिकाराने वावरे. म्हणून २००७च्या व्हिस्टापासून प्रशासकालाही मोठ्या कामापूर्वी विचारण्याची रीत पडली. लोक कंटाळले आणि न वाचता 'हो' म्हणू लागले. वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका, असे मजुरांना बजावण्यात आमचे आयुष्य गेले. त्या खिडकीपुढे आम्हीही अंगठेबहाद्दरच.

आता आमच्या अडचणीची मेख. यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक क्रमांक देते, आणि कागदाची मालकी त्या क्रमांकावर चढवते. नवे खाते म्हणजे नवा क्रमांक. सातबारावर बाप असावा आणि त्याच नावाचा नातू दारात उभा राहावा, तसे झाले. उपाय शेतकऱ्याला ठाऊक असलेलाच: फेरफार. प्रशासकाच्या खात्याने शिरावे, फोल्डरच्या गुणधर्मांत 'सुरक्षा' हा भाग उघडावा, 'प्रगत'मध्ये मालक बदलावा आणि तो बदल आतल्या सर्व कागदांना लावावा. येथेच पुष्कळजण फसतात. मालकी मिळाली म्हणजे वाचण्याचा हक्क आपोआप मिळतोच असे नाही. मालकाने तो स्वतःला वेगळा द्यावा लागतो. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांवर हा प्रयोग करू नये, यंत्रच आडवे होते. आणि कागद सांकेतिक लिपीत बंद केलेले असतील, तर मूळ किल्लीवाचून फेरफाराचा उपयोग नाही.

आमचे तसे नव्हते. अर्ध्या तासात टिपणे उघडली, आणि पहिले काम केले ते त्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचे. संध्याकाळी छापलेले कागद घेऊन आम्ही बायांकडे गेलो. त्यांतल्या एकीने आपले दिवस बोटांवर पुन्हा मोजले. दोन दिवस आमच्याच टिपणात कमी निघाले.