चढणीचे मासे आणि पाण्यातला गंध

मृग नक्षत्र लागल्यानंतर, म्हणजे साधारण 7 जूनच्या पुढे, कोकणात पहिल्या जोरदार पावसाने ओहोळ भरून वाहू लागतात, तेव्हा गोड्या पाण्यातील मासे प्रवाहाविरुद्ध चढत थेट भातखाचरांपर्यंत येतात. दक्षिण कोकणात त्यांना ‘चढणीचे मासे’, तर रायगड, ठाणे, पालघर या पट्ट्यात ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. हा प्रवास अंडी घालण्यासाठी असल्यामुळे माद्या गाबोळीने, म्हणजे अंड्यांच्या पिशव्यांनी, भरलेल्या असतात, आणि पागेर (हाताने फेकायचे गोल जाळे), बांबूच्या कामट्यांचे सापळे किंवा रात्री दिवा आणि कोयता घेऊन त्यांना पकडण्याची प्रथा गावोगावी रुजली आहे. या प्रथेचा सारा आधार माशांच्या अचूक वेळेवर आहे; मात्र ही वेळ मासे आपसांत कशी जुळवतात, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागला.

माशांची दखल भारतात फार जुनी आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ऋतूंच्या आरंभीच्या चातुर्मासी पौर्णिमांच्या आसपास आणि उपवासाच्या दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई केलेली आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. 1129च्या सुमारास सिद्ध झालेल्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात माशांचे खवलेवाले व बिनखवल्यांचे, समुद्रातले व गोड्या पाण्यातले असे भेद केले आहेत आणि कोणत्या माशाला कोणते आमिष घालावे हेही सांगितले आहे. माशाला आमिषाच्या गोळीचा वास कळतो हे गळकऱ्याला ठाऊक होतेच. पण त्याच नाकाने मासा जोडीदारही शोधतो, ही कल्पना या परंपरेपासून दूर होती.

माशांच्या प्रजननाविषयीच्या ज्ञानाची ही उणीव मत्स्यशेतीत प्रकर्षाने जाणवली. रोहू, कटला, मृगळ हे कार्प कुळातील मासे तळ्यात वाढतात, परंतु साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज पुराच्या दिवसांत नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको असलेल्या जातींची पिल्लेही मिसळलेली असत. ओडिशातील अंगुल येथे 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पोषग्रंथीचा, म्हणजे मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा, अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि पावसाने व प्रवाहाने जे काम होत असे ते संप्रेरकांकरवी घडवता येते हे सिद्ध झाले. पुढे हाच दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन ठरला.

योगायोगाने त्यानंतर दोनच वर्षांनी, 1959मध्ये, पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी ‘फेरोमोन’ ही संज्ञा मांडली. एका प्राण्याने शरीराबाहेर सोडलेले आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक प्रतिसाद उठवणारे द्रव्य असा तिचा अर्थ असून संप्रेरक शरीराच्या आत जे काम करते, तेच हे द्रव्य दोन शरीरांमध्ये करते. गंमत अशी की माशांत ही दोन्ही द्रव्ये पुष्कळदा एकच असतात. कॅनडात नॉर्मन स्टेसी, पीटर सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात गोल्डफिशवर केलेल्या संशोधनातून असे दिसले की मादीची अंडी पक्व करणारे संप्रेरक पाण्यात झिरपते, लिटरमागे एका नॅनोग्रॅमहूनही कमी प्रमाणात ते नराच्या नाकाला कळते आणि त्यामुळे नराची शुक्रनिर्मिती वाढते. मग अंडी सुटताच मादीच्या मूत्रातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे दुसरे द्रव्य बाहेर पडते आणि नर तिचा पाठलाग सुरू करतो. माशाचे नाक श्वासासाठी नसतेच. एका छिद्राने आत आलेले पाणी घड्यांच्या गंधपटलावरून वाहून दुसऱ्या छिद्राने बाहेर जाते. गोल्डफिश हा कार्प कुळातला, आणि कोकणात चढणारे कित्येक खवलेदार मासेही त्याच कुळातले आहेत.

गढूळ लोंढ्यात डोळ्यांचा उपयोग थोडा, आणि एकाच ओहोळात अनेक जाती एकाच वेळी चढत असताना आपल्या जातीची ओळख पटणे तर अत्यावश्यक. अशा ठिकाणी गंधाचे मोल वाढते. मेक्सिकोतील स्वोर्डटेल माशांवरील 2006 सालच्या अभ्यासात स्वच्छ पाण्यात मादी स्वजातीच्या नराचा गंध निवडत असे, परंतु सांडपाणी मिसळलेल्या नदीच्या पाण्यात तिची ही निवड नाहीशी झाली. सावित्रीकाठचे महाड आणि पाताळगंगेकाठचे रसायनी अशा औद्योगिक वसाहती कोकणातील नद्यांच्या काठीच उभ्या राहिल्या असल्याने हा निष्कर्ष इकडेही लागू पडण्याजोगा आहे. चढणीच्या माशांविषयीची चर्चा आजवर जाळे आणि कोयता यांभोवतीच फिरत आली, आणि गाबोळीने भरलेली मादी मारली की पुढची पिढी जाते हे खरेच. तथापि ओहोळापर्यंत सुखरूप पोहोचलेल्या मादीचा गंध नरापर्यंत पोहोचला नाही, तर न मारताही ती चढण वायाच जाते.