शाळा चालविणारी माणसे

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट आहे. चिंचवडास आमच्या घराजवळ एक लहानसे शिक्षणमंडळ आहे. कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवावे, वाचनालय उघडे ठेवावे, होतकरू पण गरीब मुलांची फी भरावी, एवढाच त्याचा व्याप. त्या मंडळाच्या कार्यकारी सभेस मला बोलावणे आले, म्हणून मी जाऊन बसलो. अध्यक्षस्थानी चाकणकडचे एक शेतकरी होते. त्यांच्या कांद्याच्या रानावर आज कारखान्याची भिंत उभी आहे. त्यांच्या उजव्या हातास, लेथवर तीस वर्षे उभे राहून निवृत्त झालेले एक टर्नर बसले होते. डाव्या हातास पिंपरीतील एक सिंधी कापडव्यापारी. समोर रुग्णालयात परिचारिकेचे काम करणाऱ्या एक बाई. आणि कोपऱ्यात मोटारीच्या कारखान्यातील एक तरुण इंजिनिअर. यांपैकी कोणीही या कामाचा छदाम घेत नाही.

सभेच्या अखेरीस या मंडळींनी मला चिटणीस होण्याची गळ घातली. मी संकोचलो. सारा जन्म प्राथमिक शाळेत गेला हे खरे, पण माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. "शिक्षणाच्या संस्थेस एखादा पदवीधर चिटणीस शोभेल," असे मी म्हणालो. त्यावर टर्नर हसून म्हणाले, "गुरुजी, पदवीधर आम्हांस पुष्कळ मिळतील. सभेचा वृत्तांत वेळेवर लिहिणारा मिळत नाही."

विचार करण्यास मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि शिक्षकाच्या खोडीप्रमाणे ते आठ दिवस पुस्तके चाळण्यात घालविले. आपल्या प्रांतात ज्यांनी शिक्षणसंस्था उभारल्या व चालविल्या, ते लोक मुळात होते कोण? त्यांचा धंदा काय, शिक्षण किती, आणि संस्थेच्या पेटीत त्यांनी स्वतःचे असे काय टाकले? त्या शोधात जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम कायद्याकडे पाहू. इंग्रजी अमदानीत १८६० साली संस्थांच्या नोंदणीसंबंधी जो कायदा झाला, तो आपल्याकडे आजही चालू आहे. सात किंवा अधिक माणसांनी एकत्र यावे, आपला हेतू लिहून काढावा, आणि नियामक मंडळावरील प्रत्येकाचे नाव, पत्ता व धंदा नमूद करावा, अशी त्याची मागणी आहे. नाव, पत्ता आणि धंदा! पदवी कोणती, हा प्रश्न त्या कायद्याने विचारलेलाच नाही. त्यामागे कायदेकारांचा काही खोल विचार असेल असे मी म्हणत नाही. परंतु इतिहास पाहिला म्हणजे तो रकाना मोठा मार्मिक वाटू लागतो.

हा कायदा होण्याच्या आधीच पुण्यात एक प्रयोग होऊन गेला होता. १८४८ साली जोतीराव फुले यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी. जोतीराव जातीने माळी, घरचा व्यवसाय फुलांचा. पुढे त्यांनी बांधकामाची ठेकेदारी केली आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुण्याच्या नगरपालिकेवरही होते. त्यांच्या या कार्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे ही ब्राह्मण मित्रमंडळी उभी राहिली, आणि वर्गात शिकविण्यास सावित्रीबाई होत्या. ज्या काळी एका पंगतीस बसणे अशक्य होते, त्या काळी ही माणसे एका कामास बसली, हे विसरून चालणार नाही.

यानंतर तीस वर्षांनी चित्र बदलले. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७९ साली रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील नोकरी सोडून पुण्यास आले, आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री १८८२ साली, वयाची बत्तिशी गाठण्यापूर्वीच वारले. पण काम थांबले नाही. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे पहिले आजीव सभासद सात: वामन शिवराम आपटे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, महादेव बल्लाळ नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि धारप. आपटे संस्कृतचे पंडित व कोशकार, टिळक गणिती, आगरकर इतिहास व तर्कशास्त्राचे अध्यापक, केळकर इंग्रजीचे, गोळे सृष्टिशास्त्राचे. ही माणसे सर्वस्वी विनावेतन काम करीत नव्हती, हे सांगितले पाहिजे. पण सरकारी नोकरीची दारे उघडी असता दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ त्यांनी घेतली होती.

या विद्वानांच्या मालिकेत एक नाव वेगळे आहे, आणि माझे मन त्याच नावापाशी अडले. ते नाव नामजोशींचे. एम्. ए., एल्एल्. बी. अशा मंडळींत बसलेल्या या गृहस्थापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. १८५३ सालचा त्यांचा जन्म. त्यांचा धंदा वृत्तपत्रकाराचा. 'किरण' आणि 'डेक्कन स्टार' ही पत्रे त्यांनी चालविली होती, आणि पुढे 'डेक्कन स्टार' हे 'मराठा' पत्रात विलीन झाले. वर्गात व्याख्यान देऊन गाजण्यासारखी त्यांची भूमिका नव्हती. त्यांना माणसे ओळखता येत, संस्थानिकांच्या दिवाणखान्यात शिरता येई, आणि रिकाम्या हातांनी परतावयाचे नाही हे ठाऊक होते. सोसायटीच्या निधीसाठी त्यांनी केलेली वणवण सर्वमान्य आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी बाराशे रुपये देऊन आपले नाव कॉलेजास लावू दिले, आणि २ जानेवारी १८८५ रोजी ते कॉलेज उघडले. १८८८ साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनामागेही नामजोशींची खटपट होती. देशी उद्योगधंदे वाढले पाहिजेत हा त्यांचा ध्यास होता. १८९६ साली ते वारले. आज आपटे यांचा कोश आपण उघडतो, टिळक-आगरकरांचे पुतळे पाहतो; नामजोशींची आठवण क्वचितच निघते. वर्गातील शिक्षकाची कीर्ती विद्यार्थी गातात. छपराचे पैसे आणणाऱ्याची कोणी गात नाही.

परंतु श्रोतेहो, या सात जणांच्या इतिहासात एक बोचरा धडाही आहे. ते जवळपास एका वयाचे, एका शहरात वावरलेले, बहुतेक एकाच प्रकारच्या घरांतून आलेले. असे असूनही, किंवा कदाचित असे असल्यामुळेच, त्यांच्यात वितुष्ट आले. सभासदाने संस्थेबाहेरची कामे घ्यावी की नाही, वेतनात भर असावी की नाही, या प्रश्नांवर कडाक्याचे वाद झाले, आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. समानशील मंडळी एकत्र आली की मतभेद होत नाहीत ही समजूत खोटी आहे. उलट, दोघे एकाच विद्येत निपुण असले म्हणजे तिसऱ्याचे व्यवहारज्ञान त्यांच्यामध्ये उभे राहावे लागते. त्या मंडळात एकही शेतकरी नव्हता, एकही कारागीर नव्हता, एकही स्त्री नव्हती. हा दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे, काळाचा होता; तरी तो दोष होता.

ती उणीव पुढे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांनी भरून काढली. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्याच्या अध्यक्षस्थानी रमाबाई रानडे होत्या आणि त्यांच्या साहाय्यास भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. रमाबाई लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. पतीजवळ बसून, घरच्यांची बोलणी सोशीत त्या शिकल्या. कायद्याच्या रकान्यात त्यांचा धंदा काय लिहिला असता? 'घरकाम' एवढेच. पण प्रौढ वयात पाटी हाती घेणाऱ्या बाईच्या मनात काय चालते, हे त्या अध्यक्षांस पुस्तकावाचून कळत होते.

आता आमच्या भागाकडे वळतो. चिंचवडाहून लोहमार्गाने मुंबईकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात तळेगाव दाभाडे लागते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली काढलेले समर्थ विद्यालय पुढे याच गावी नांदले. राष्ट्रीय शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि त्यास उद्योगाची जोड असावी, हा त्याचा बाणा. आणि त्याच तळेगावात १९०८ साली अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून काचेचा कारखाना निघाला. वर्षास माणशी एक पैसा, अशा वर्गणीतून उभा राहिलेला तो कारखाना! आज चाकण-तळेगावच्या रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते. पण शाळा आणि कारखाना एका गावात शेजारी नांदविण्याचा विचार या मातीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुजला होता. विजापूरकरांस त्याची किंमत द्यावी लागली. त्यांच्या 'विश्ववृत्त' मासिकात आलेल्या, चित्रकार सातवळेकरांच्या एका लेखापायी त्यांस तुरुंगवास घडला, आणि १९१० साली सरकारने ते विद्यालयही बंद पाडले. संस्थाचालकाच्या खुर्चीत मानाबरोबर जोखीमही असते, हे तळेगावाने दाखविले.

पुढचे उदाहरण भाऊराव पाटलांचे. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेला हा माणूस किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकीत हिंडे. नांगर विकता विकता त्याने पाहिले की, खेड्यातील मुलास अवजारापेक्षाही अक्षराची टंचाई अधिक आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, काढून दिले. त्याच रयत संस्थेने आमच्या पिंपरीत महाविद्यालय काढले, आणि त्यास नाव दिले महात्मा फुले यांचे. फुलमाळ्याच्या मुलाचे नाव, नांगर विकणाऱ्याची संस्था आणि कामगारांची मुले, अशी ही सांगड आहे.

आमच्या मंडळाच्या सभेत इतक्या तऱ्हेची माणसे का दिसली, याचाही उलगडा येथे होतो. १८५८ साली रेल्वे आली तरी चिंचवड हे मोरया गोसावींच्या देवस्थानाचे शांत गावच राहिले. १९४७ नंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले आणि कारखान्यांची रीघ लागली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. चाकणच्या माळांवर मोटारींचे कारखाने त्यानंतर आले. मराठवाड्यातून, खानदेशातून, परप्रांतांतून माणसे येथे पोटासाठी आली. ज्या गावात प्रत्येकाची मुळे वेगळ्या मातीत आहेत, तेथे शाळेपलीकडे समाईक असे फारसे काही नसते. म्हणूनच तिच्या सभेत शेतकरी, टर्नर, व्यापारी, परिचारिका एका टेबलाभोवती दिसतात.

अर्थात निरनिराळे धंदे एकत्र आले म्हणजेच संस्था चालते, असे मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याने हिशेब दाखविला पाहिजे, इंजिनिअराने आश्वासन दिलेला वर्ग घेतला पाहिजे, आणि अध्यक्षाने सर्वांचे ऐकून घेतले पाहिजे. मंडळावर नाव असणे निराळे आणि मंडळास उपयोगी असणे निराळे. ज्यांच्या मुलांसाठी वर्ग चालतात त्यांच्यापैकी कोणी टेबलाशी बसला आहे काय, हाही प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारावा. आमच्या मंडळात तो प्रश्न मी विचारला. टर्नर म्हणाले, "माझा नातू याच वर्गात आहे." मला उत्तर मिळाले.

आठ दिवसांनी मी होकार कळविला. विश्वस्त मंडळात बदल झाला म्हणजे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावे लागते. तो अर्ज लिहिणे हेच चिटणीस म्हणून माझे पहिले काम ठरले. माझे नाव लिहिले, पत्ता लिहिला. धंद्यापाशी क्षणभर थांबलो, नामजोशींचे स्मरण केले, आणि 'निवृत्त शिक्षक' असे लिहून खाली सही केली. त्यानंतर त्या सभेचा वृत्तांत लिहावयास घेतला. तो वेळेवर पुरा झाला, एवढे मात्र मी आपणांस अभिमानाने सांगू शकतो.