शरणपूरहून आफ्रिकेला गेलेले पाळक

आमच्या पारोळ्यात इतिहास म्हटलं की बोट किल्ल्याकडे जातं. नेवाळकरांचा भुईकोट, त्याचा खंदक, झाशीच्या राणीच्या सासरची जहागीर आणि 1857च्या उठावानंतर इंग्रजांनी केलेली तिची जप्ती. शाळेत हयातभर मी हेच शिकवलं आणि अभिमानानं शिकवलं. पण त्याच काळात धुळे-मालेगाववरून जाणाऱ्या आग्रा रस्त्यावर, नाशिकच्या वेशीबाहेर एक वेगळाच इतिहास घडत होता. पूर्व आफ्रिकेतले सुरुवातीचे पाळक तिथं तयार होत होते. तो इतिहास कोणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि नाशिक काही आपल्याला परकं नाही. 1869 साली नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत मालेगाव-बागलाण खानदेशातच होतं.

त्या काळी अरबी गलबतं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून नेत. इंग्रजी आरमाराच्या हाती असं गलबत लागलं की त्यातल्या गुलामांना सोडवायचे. पण ठेवायचं कुठं? आफ्रिकेत परत सोडलं की पुन्हा पकडले जाण्याची भीती. म्हणून त्यांना मुंबईला उतरवत. त्यात लहान मुलं पुष्कळ असत. कुठल्या गावचे, कोणाची लेकरं, हेही काहींना सांगता येत नसे. यांपैकी अनेक मुलं चर्च मिशनरी सोसायटीकडे आली आणि 1860च्या सुमारास त्यांचा आश्रम मुंबईहून नाशिकजवळ शरणपूरला हलवला गेला. तिथं ख्रिस्ती लोकांची वस्ती आधीच वसली होती आणि विल्यम साल्टर प्राइस हे मिशनरी ती चालवत होते.

या मुलांना मुंबईत सांभाळणारा माणूस होता कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग. हा जर्मन, बासलच्या मिशन विद्यालयात शिकलेला आणि त्याआधी हबसाणात म्हणजे इथिओपियात राहून आलेला. अम्हारिक भाषेचं व्याकरण आणि कोश त्यानं रचला होता. तिथून हाकललं गेल्यावर तो मुंबईला आला. त्याचा हबसाणातला सोबती योहान लुडविग क्राप्फ मोंबासाला गेला, आणि क्राप्फला येऊन मिळाला योहानेस रेबमान. क्राप्फ आणि रेबमान दोघेही व्युर्टेम्बर्गचे, लुथरच्या परंपरेत वाढलेले. पगार मात्र इंग्रज सोसायटीचा. रेबमाननं 11 मे 1848 रोजी किलिमांजारोवरचा बर्फ पाहिला, तेव्हा विषुववृत्तावर बर्फ कसा म्हणून युरोपातल्या विद्वानांनी त्याला खोटं ठरवलं होतं. मोंबासाजवळ राबाई गावात तो वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा बसून होता. त्याला हाताखाली माणसं हवी होती, आणि ती तयार होत होती गोदावरीकाठी.

शरणपूरचं शिक्षण कसं होतं? आजच्या सेमिनरीसारखं नव्हतंच. बायबल आणि लिहिणं-वाचणं, त्याच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम. हात कामाला लागला पाहिजे, हा बासलचाही हट्ट होता. मला हे शिक्षण मोलाचं वाटतं, कारण पुढं ज्या रानात या पोरांना उभं राहायचं होतं तिथं नुसतं प्रवचन पुरलं नसतं. मात्र मुलांची मूळ नावं पुसून त्यांना सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग अशी साहेबांची आडनावं लावली गेली. गुलामीतून सोडवलेल्या लेकराचं नावही काढून घ्यावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

1864 साली विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघं बायकांसह राबाईला रेबमानच्या मदतीला गेले. पुढच्या वर्षी आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन यानं शरणपूरचे नऊ तरुण आपल्या सफरीसाठी नेले. ते आळशी आहेत, अशी कुरकुर त्यानं आपल्या रोजनिशीत केली आहे, आणि बरेच जण गळालेही. पण गार्डनर आणि मब्रुकी त्याच्या अखेरपर्यंत सोबत राहिले. नंतरच्या तुकडीत जेकब वेनराइट होता. 1873च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा चितांबोच्या गावी त्याचं हृदय पुरताना प्रार्थना वाचली ती याच वेनराइटनं, आणि झाडावर नाव कोरलं तेही त्यानंच. मग त्या लोकांनी महिनोन् महिने चालत तो देह किनाऱ्याला आणला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला ज्यांचा हात लागला, त्यांत शरणपूरला शिकलेला वेनराइट होता.

जगाला वेनराइट ठाऊक आहे, कारण त्याच्यापुढं लिव्हिंगस्टनचं नाव आहे. माझ्या लेखी जोन्स आणि सेमलर त्याहून मोठे. 1873 साली करार होऊन झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. तो करार व्हावा म्हणून झटलेले बार्टल फ्रीअर हे पूर्वीचे मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या नावानं मोंबासासमोर फ्रीअरटाउन वसवायला शरणपूर चालवलेले प्राइसच गेले, आणि शरणपूरची आफ्रिकी कुटुंबंही तिकडे गेली. तिथं शाळा घेणं, उपासना चालवणं, आजाऱ्याकडे जाणं, भांडणं मिटवणं हे सगळं या शरणपूरकरांनी केलं. आणि तरी पाळकपदाच्या वाटेवरची पहिली दीक्षा, डीकनची, जोन्स आणि सेमलर यांना मिळाली ती 1885 साली, बिशप हॅनिंग्टनच्या हातून. राबाईला पाऊल ठेवल्यापासून एकवीस वर्षांनी! जॉर्ज डेव्हिड तर तो दिवस पाहायला उरलाच नाही. आपल्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा आणि दीक्षा 1904ची. मिशन वेगळं, माणूस वेगळा, हे मान्य. पण नऊ आणि एकवीस यांतलं अंतर मला नुसतं विद्वत्तेचं वाटत नाही. काळ्या माणसाच्या हाती मंडळी सोपवायला गोरे मिशनरी कचरत होते, हे स्पष्ट म्हणायला हवं.

दीक्षा मिळाली त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला. सोबत आलेला जोन्स मागं थांबलेली माणसं घेऊन किनाऱ्याला सुखरूप पोचला. राबाईत मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाराही तोच. मालक हत्यारं घेऊन येतील ही धास्ती कायम होती. शेवटी पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश कंपनीनं पैसे मोजून 1,400च्या आसपास माणसं मोकळी केली. स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस आणि आता दुसऱ्यांसाठी दार उघडं ठेवणारा. पाळक म्हणजे काय, याचं याहून चोख उत्तर मला सापडलेलं नाही.

रेबमाननं पाहिलेल्या किलिमांजारोच्या उतारावर 1893 साली लाइपझिगचं लुथरन मिशन आलं. आज टांझानियाचं लुथरन चर्च जगातल्या सर्वांत मोठ्या लुथरन चर्चपैकी एक आहे. अरुशाजवळच्या माकुमिरा इथं 1954पासून त्याचे पाळक शिकतात आणि आता तिथं विद्यापीठ उभं आहे. जोन्स आणि सेमलर यांचं चर्च अँग्लिकन, हे वेगळं. पण आफ्रिकेच्या माणसानंच आफ्रिकेची मंडळी सांभाळावी, हे त्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष करून दाखवलं ते या दोघांनी.

आमच्या खानदेशात नवापूर-नंदुरबारकडे अलायन्स मिशनचं काम पुढं विसाव्या शतकात वाढलं, आणि आज तिकडच्या मंडळ्या मावची आणि भिल्ल पाळकच सांभाळतात. त्यांनाही ही शरणपूरची हकीकत कळावी असं मला मनापासून वाटतं.

पारोळ्यातल्या जवळपास प्रत्येक आळीतलं कोणी ना कोणी आज नाशिकला नोकरीला आहे, आणि शरणपूर रोडवरून रोज जातं. माझी इथल्या शिक्षकांना विनंती आहे: नाशिकची सहल पंचवटी आणि पांडवलेणी पाहून परत फिरवू नका. शरणपूरला उतरा आणि मुलांना विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड, जेकब वेनराइट ही नावं सांगा. आणि नाशिककरांनो, ही चार नावं मराठीत लिहिलेला एक फलक त्या रस्त्यावर लावा.