एक्स्ट्रा (ज्युनिअर आर्टिस्ट)
चित्रपटातील बाजार, वरात, न्यायालय, मोर्चा अशी दृश्ये भरून काढणारा, सहसा संवाद नसलेला कलाकार. मुंबईत हे काम रोजंदारीवर, बहुधा पुरवठादारामार्फत मिळते. दृश्य पुन्हा चित्रित करताना प्रत्येकाला आधीच्याच जागी, आधीच्याच लयीत वावरावे लागते. तासन्‌तास ताटकळल्यानंतरही हे साधणे हे खरे कौशल्य आहे. बाहेरगावच्या चित्रीकरणात बहुधा स्थानिकांनाच गर्दीत घेतात. अशाच बाहेरगावच्या चित्रीकरणांत सातारा जिल्ह्यातील वाई 'गंगाजल' (2003) मध्ये बिहारचे शहर झाली, तर शेजारची मेणवली 'स्वदेस' (2004) मध्ये उत्तर प्रदेशातले खेडे. 'गांधी' (1982) मधील अंत्ययात्रेसाठी 31 जानेवारी 1981 रोजी दिल्लीत सुमारे तीन लाख लोक जमले होते. त्यांतले बहुसंख्य विनामोबदला आले होते. श्रेयनामावलीत मात्र एक्स्ट्रांची नावे क्वचितच येतात. हा अन्याय आहे.