एकविसाचा हिशेब

दिवाळीच्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. पण त्याच तिथीला 'द्यूतप्रतिपदा' असेही एक नाव आहे. शंकर-पार्वती या दिवशी सारीपाट मांडून बसली होती, अशी कथा सांगतात. वर्षातला हा एक दिवस तरी शास्त्रानेच खेळाला मोकळा ठेवलेला आहे. तेव्हा घरातल्या लहानथोरांनी वाचायच्या अंकात मी जुगाराची गोष्ट सांगायला बसलो, तर वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावू नयेत, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो.

शिवाय या गोष्टीचे बीज आपल्याच महाभारतात आहे. वनपर्वातील नलाख्यान आठवा. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नाव घेऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत असतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते, आणि राजा नुसत्या नजरेने त्याची पाने-फळे किती ते सांगतो. नळाला खरे वाटत नाही. तो रथ थांबवून मोजून पाहतो, तो हिशेब बरोबर! राजा म्हणतो, मला अक्षहृदय ठाऊक आहे, म्हणून मोजणीही ठाऊक आहे. नळ आपली अश्वविद्या देऊन ती विद्या घेतो, त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो, आणि पुढे तो गेलेले राज्य जिंकून परत मिळवतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळेच वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे झाडाची निवड उगीच नव्हती हे कळते. ज्याला मोजता येते त्याला द्यूत कळते, हे आपल्या कथाकारांनी फार पूर्वी ओळखले होते.

तीच विद्या विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा कशी सापडली, आणि सापडल्यावर तिचे काय झाले, ते मला सांगावयाचे आहे. मी स्वतः कोणत्याही कॅसिनोची पायरी चढलेलो नाही. मला ओढ लागली ती या एका प्रश्नाची: जी विद्या चौथीतल्या मुलाला बेरीज-वजाबाकीच्या जोरावर शिकता येते, तिची धास्ती कोट्यधीश जुगारगृहांनी का घ्यावी?

खेळाचे नाव ब्लॅकजॅक, म्हणजेच एकवीस. चित्रांचे पत्ते दहा गुणांचे. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. बाकीचे पत्ते आपापल्या आकड्याइतके. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. वाटणाऱ्याच्या दोहोंपैकी एक उघडा असतो. एकवीसच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, पण एकवीस ओलांडली की पैसे गेले. आपण हवे तेथे थांबावे; वाटणाऱ्याला ती मुभा नाही. सोळापर्यंत त्याने पत्ता घेतलाच पाहिजे, आणि सतरा झाले की थांबलेच पाहिजे. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता आला तर त्याला ब्लॅकजॅक म्हणतात, आणि त्यावर जुन्या नियमाने दोन डॉलरला तीन डॉलर मिळतात.

मग जुगारगृहाचा फायदा कशात? एका बारीकशा गोष्टीत. खेळणारा आधी खेळतो. त्याने एकवीस ओलांडली की त्याचे पैसे तेथल्या तेथे उचलले जातात. मागाहून वाटणाऱ्यानेही एकवीस ओलांडली, तरी ते परत मिळत नाहीत.

१९५३ च्या सुमारास मेरीलँडमधील ॲबरडीन येथील लष्करी केंद्रात रॉजर बाल्डविन नावाचा एक तरुण शिपाई होता. हा गणिताचा पदवीधर. बराकीत पत्त्यांचा डाव चालू असता त्याच्या कानावर आले, की लास व्हेगासला वाटणाऱ्याला सतरावर थांबावेच लागते. त्याच्या मनात आले, ज्या खेळात एका बाजूचे वागणे आधीच ठरलेले आहे, त्यात दुसऱ्या बाजूने कसे वागावे हे गणिताने काढता यायला हवे. विल्बर्ट कॅन्टी, हर्बर्ट मैसेल आणि जेम्स मॅक्डरमॉट हे तिघे त्याला येऊन मिळाले. टेबलावरच्या हिशेबयंत्रांवर रात्री-अपरात्री बटणे दाबून या चौघांनी प्रत्येक प्रसंगाचा हिशेब मांडला. आपल्याजवळ सोळा असताना वाटणाऱ्याची छक्की उघडी असेल तर गप्प बसावे, दश्शी असेल तर पत्ता घ्यावा, अशा तऱ्हेचे संपूर्ण कोष्टकच तयार झाले. १९५६ साली ते अमेरिकन संख्याशास्त्र संघाच्या नियतकालिकात छापून आले. त्या कोष्टकाप्रमाणे खेळले तर शंभर डॉलरमागे एक डॉलरहूनही कमी तोटा येतो, असे त्यांच्या हिशेबात निघाले. तोटा इतका कमी झाला खरा, पण तो तोटाच होता.

१९५८ च्या नाताळात एडवर्ड थॉर्प नावाचा गणितज्ञ पत्नीसह लास व्हेगासला गेला. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. ते कोष्टक एका चिठ्ठीवर उतरून घेऊन तो टेबलाशी बसला. दहा डॉलर घेऊन बसला, आणि त्यांतले साडेआठ गमावून उठला. पण उठताना एक विचार बरोबर घेऊन आला. चौघा शिपायांनी प्रत्येक डाव जणू ताज्या, भरलेल्या कॅटमधून वाटला जातो असे धरले होते. प्रत्यक्षात तसे होत नसे. एकदा पिसलेल्या कॅटमधून अनेक डाव वाटले जात, आणि गेलेले पत्ते गेलेलेच राहत.

या एका विचारातच सारे रहस्य आहे. फासा टाकला आणि सहा पडले, म्हणून पुढच्या खेपेस सहा पडण्याचा संभव कमी होत नाही. फाशाला मागचे काही आठवत नाही. पण कॅटमधले चारही एक्के निघून गेले, तर पुन्हा पिसेपर्यंत कोणालाही ब्लॅकजॅक मिळणे अशक्य. आपल्याकडे मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे का सांगायला हवे? चारांपैकी किती दश्श्या गेल्या आणि कोणाच्या हाताशी लागल्या, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत पाठ असे, आणि त्यासाठी तिला पाटी-पेन्सिल लागत नसे.

थॉर्प पुढे मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत शिकवू लागला. तेथल्या आयबीएम ७०४ या अवाढव्य संगणकावर त्याने एक प्रश्न घातला: कॅटमधून एकेका आकड्याचे पत्ते काढून टाकले तर काय होईल? उत्तर आले की चारही पंज्या काढल्या तर तोट्याचे पारडे फिरून खेळणाऱ्याला शेकडा तीनहून अधिक फायदा होतो. १९६१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला अमेरिकन गणित परिषदेपुढे त्याने हा निबंध वाचला, आणि गणिताच्या सभेला कधी नव्हे ती वार्ताहरांची गर्दी लोटली. निबंध राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वृत्तान्तात छापायला अकादमीच्या सदस्याची शिफारस हवी होती. ती दिली माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन याने. मात्र शीर्षकातला 'जिंकण्याचा' हा शब्द काढून त्या जागी 'अनुकूल' हा सभ्य शब्द घालायला त्याने सुचविले! त्याच वर्षी दोन धनिकांनी पुरविलेले दहा हजार डॉलर घेऊन थॉर्प नेव्हाडात उतरला, आणि अकरा हजार जिंकून परतला. १९६२ साली त्याने सारी विद्या पुस्तकात छापून टाकली. एखाद्याने ती तिजोरीत ठेवली असती.

थॉर्पची पहिली रीत जरा अवघड होती. हार्वे डब्नर नावाच्या गृहस्थाने १९६३ साली एका संगणक परिषदेत तिला सोपे रूप दिले. मग आयबीएममधल्या ज्युलियन ब्रॉनच्या हिशेबांनी ती पक्की झाली, आणि थॉर्पच्या पुस्तकाच्या १९६६ च्या आवृत्तीत आली. तीच आजवर जगभर शिकविली जाते. ती अशी:

दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता दिसला की मनात एक मिळवा. सत्ती, अठ्ठी, नव्वी दिसली तर काही करू नका. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा करा. बस्स, एवढेच. पंजी, राजा, तिर्री, नव्वी, दुर्री, एक्का असे सहा पत्ते पडले, तर मनातला आकडा होतो एक, शून्य, एक, एक, दोन, एक.

कारण समजायलाही गणित नको. लहान पत्ते निघून गेले की उरलेल्यांत मोठ्यांची दाटी होते. मोठे पत्ते दोघांनाही सारखेच मिळतात हे खरे. पण ब्लॅकजॅक आपल्याला आला तर दीडपट मिळते, वाटणाऱ्याला आला तर आपला फक्त लावलेला पैसा जातो. दुसरे असे की, बारा ते सोळा या अडचणीच्या आकड्यांवर आपण थांबू शकतो. वाटणाऱ्याला मात्र पत्ता घ्यावाच लागतो, आणि नेमका मोठा पत्ता येऊन तो एकवीस ओलांडतो. म्हणून मनातला आकडा चढला की पैसे अधिक लावावेत, उतरला की अगदी थोडे. सहा-सहा कॅट एकत्र पिसलेले असतील तर मनातल्या आकड्याला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागावे. आकडा सहा आणि उरलेले कॅट तीन, तर खरा आकडा दोन. हा आकडा एकाने चढला की साधारण शेकडा अर्धा इतके पारडे आपल्याकडे झुकते.

मी हे घरी करून पाहिले. पहिल्या दिवशी एक कॅट मोजायला मला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. चार-आठ दिवसांनी डोळा आपोआप जोड्या लावू लागला. राजाशेजारी पंजी आली की दोघांनाही एकदम सोडून द्यायचे. पण कॅट मोजणे निराळे, आणि गलबल्यात, गप्पा मारीत, चेहऱ्यावर काही न दाखवता मोजणे निराळे. शिवाय फायद्याचे प्रमाण पाहा. कसलेल्या मोजणाऱ्यालाही मिळतो तो शेकडा एकच्या आसपास. दर डावाला शंभर रुपये असे शंभर डाव खेळले तर हिशेबाने नफा शंभर रुपयांचा. पण तेवढ्या डावांत नशिबाची भरती-ओहोटी सहज हजार-अकराशेची असते. विद्या खरी असूनही महिनेच्या महिने तोट्यात जाऊ शकतात. ज्याच्याजवळ दांडगी गंगाजळी आणि तितकाच दांडगा धीर नाही, त्याला ती विद्याच बुडविते.

आता जुगारगृहांनी काय केले ते ऐका. १९६४ च्या एप्रिलात लास व्हेगासच्या मालकांनी खेळाचे नियमच कडक केले. गिऱ्हाईके रुसली, टेबले ओस पडली, आणि काही आठवड्यांत जुने नियम मुकाट्याने परत आले. मग त्यांना एक मौजेची गोष्ट उमगली. थॉर्पचे पुस्तक वाचून जिंकायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण अर्धवट शिकून येत आणि हरून जात. पुस्तकाने धंदा बुडण्याऐवजी वाढला!

राहिले ते खरेखुरे मोजणारे. त्यांनी सत्तरच्या दशकात टोळ्या केल्या. एकेक जण टेबलाशी बसून किरकोळ पैसे लावीत मोजत राही; आकडा चढला की खूण करी, आणि श्रीमंती थाटाचा साथीदार येऊन मोठी रक्कम लावी. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतील विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या व नव्वदच्या दशकांत ही रीत नावारूपाला आणली. त्यावर २००८ साली चित्रपटही निघाला.

नेव्हाडात मोजणे हा गुन्हा नाही; पण जागेचा मालक 'आपण दुसरीकडे खेळा' असे सांगू शकतो. केन उस्टन नावाचा एक मोजणारा पूर्वी शेअरबाजारातला बडा अधिकारी होता. अटलांटिक सिटीत त्याला बाहेर काढले तेव्हा तो न्यायालयात गेला. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नियामक आयोगाचा तसा नियम नसताना केवळ मोजतो म्हणून जुगारगृहाला माणूस हाकलता येणार नाही. डोके चालविणे म्हणजे लबाडी नव्हे, हे अखेर न्यायासनापुढे टिकले. पण जुगारगृहांनी वाट काढलीच. कॅट वाढविले, अर्ध्यातच पिसू लागले, सतत पिसणारी यंत्रे बसविली. कित्येक ठिकाणी ब्लॅकजॅकवर दहाला पंधराऐवजी बाराच देऊ लागले. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. तेवढ्या या एका बदलाने शंभर रुपयांमागे सव्वा-दीड रुपया मालकाकडे वळतो. मोजणाऱ्याचा सारा नफा त्यात विरून जातो, आणि न मोजणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. जुगारगृहाला मोजणाऱ्याचे भय होते ते पैशापेक्षा दुसऱ्या कारणासाठी. खेळ दोघांनाही सारखाच खुला आहे, या समजुतीवर सारा डोलारा उभा असतो. समोरच्याला हिशेब येत नाही तोवर तो पाहुणा. येऊ लागला की तो नकोसा. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणारी कॅसिनोची जहाजे पाहताना आपल्या मुलांना एवढे जरूर सांगावे, की ते दिवे पेटते ठेवण्याचे पैसे शेकड्यातल्या त्या बारीक अंशांतूनच येतात. थॉर्पने ते ओळखले. टेबलाशी जन्म न काढता तो तेच गणित घेऊन शेअरबाजाराकडे वळला, आणि १९६९ पासून तेथे त्याने मोठे यश मिळविले.

आपण मात्र पाडव्याला या विद्येचा निरुपद्रवी उपयोग करू. कॅट पिसून त्यातला एक पत्ता न पाहता उशीखाली ठेवायला एखाद्या पोराला सांगा. उरलेले एक्कावन्न पत्ते एकेक उलटीत मोजा. शेवटी मनात एक उरला तर उशीखाली दश्शी, चित्र किंवा एक्का आहे. उणे एक उरला तर दुर्री ते छक्कीपैकी पत्ता. शून्य उरले तर सत्ती, अठ्ठी किंवा नव्वी. पोरे जादू म्हणून टाळ्या पिटतील. मग त्यांना रीत शिकवा, आणि पुढच्या खेपेस उशीखालचा पत्ता ओळखायला तुम्ही न बसता त्यांना बसवा. पण लावायला शंकरपाळे असू द्या, पैसे नकोत.