काडतुसाच्या मानेचे अनुशीतन

रायफलीच्या पितळी पुंगळीचे अरुंद तोंड म्हणजे मान. ती गोळी घट्ट धरते. पुंगळीच्या पितळेत साधारण ७०% तांबे व ३०% जस्त असते. थंड अवस्थेत ओढून आकार देताना हे पितळ कठीण होते आणि त्यात ताण साठतो. म्हणून मान व तिच्याखालचा खांदा तेवढा तापवून मऊ करतात आणि ताण घालवतात; यालाच अनुशीतन म्हणतात. बूड मात्र कठीणच ठेवावे लागते, कारण स्फोटाचा दाब तेथे पेलायचा असतो. अनेक लष्करी पुंगळ्यांच्या मानेवरचा निळसर-तपकिरी पट्टा ही याच तापवण्याची खूण.

या प्रक्रियेचे महत्त्व भारतीय पावसाळ्याने पटवून दिले. ब्रिटिश अमदानीत तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मलमूत्रातील अमोनिया, दमट हवा आणि धातूतील ताण यांचा हा एकत्रित परिणाम होता. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला.

महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे काडतुसांचे सरकारी कारखाने आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.