उन्हाला बावटा नाही

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईपुरते मात्र हे वेळापत्रक फारसे भरवशाचे नाही. २५ फेब्रुवारी १९६६ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ३९.६ अंश सेल्सिअसवर गेला, तेव्हा त्या सालची होळी अद्याप यायची होती. अलीकडे २०२५ च्या फेब्रुवारीतही तसेच घडले. महिना संपता संपता हवामान खात्याने मुंबई, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांना उष्णतेच्या लाटेची सूचना दिली, पारा ३८ च्या वर गेला, आणि होळीला दोन आठवडे अवकाश होता. मार्चची गोष्ट काढाल तर २८ मार्च १९५६ चा ४१.७ अंशांचा आकडा आहे. भर वैशाखातसुद्धा मुंबईला एवढे ऊन सहसा लागत नाही.

असे का व्हावे? शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी पाठ केले आहेत. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारा वारा येतो आणि मुंबईचा जीव थंड करतो. एरवी हा वारा अकरा-बाराच्या सुमारास गिरगावच्या चौपाटीवर हजर असतो. पण माघ-फाल्गुनात काही दिवस असे येतात की, घाटावरून येणारा कोरडा, तापलेला पूर्वेचा वारा त्याला समुद्रावरच अडवून धरतो. खारा वारा एक वाजता आला, दोन वाजता आला. तेवढ्या दोन-तीन तासांत पारा चढून बसतो. म्हणजे मुंबईचा फाल्गुन कसा जाईल हे सूर्यापेक्षा वाऱ्याच्या हाती अधिक.

हे सारे मोजण्याची विद्या या शहराला नवी नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. पुढे १८४१ पासून एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे हवेच्या आणि चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. (एका प्राध्यापकाने वर्ग सांभाळून हे केले, हे वाचून आमच्यासारख्यांना थोडी लाज वाटते. असो.) १८९६ साली नानाभाई फ्रामजी मूस या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या विजेने चुंबकाच्या सुया बिघडणार, हे ओळखून त्यांच्याच कारकीर्दीत चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला गेली. ट्राम धावली ती १९०७ साली. येणारे संकट आधी ओळखून हलणे म्हणतात ते हे.

पण ही दूरदृष्टी सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. १८६४ च्या भयंकर वादळानंतर कलकत्ता बंदरासाठी १८६५ पासून वादळाच्या सूचना सुरू झाल्या. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले, १८८० साली पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना सूचना मिळू लागल्या, आणि १ एप्रिल १८९८ पासून साऱ्या हिंदुस्थानातील बंदरांवर एकाच पद्धतीच्या खुणा चढू लागल्या. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे ऐकले की कोळीवाड्यात निरक्षर म्हातारासुद्धा होडी वर ओढी. ही व्यवस्था फार चांगली होती, पण ती आधी गलबतांसाठी झाली, हेही विसरू नये. गलबतात माल असतो, मालावर विमा असतो. उन्हात कोसळणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या पाटीत जो माल असतो, तो दुसरा हमाल उचलतो. उन्हासाठी बावटा उभारण्याची निकड म्हणूनच कुणाला फारशी भासली नसावी.

ही निकड आपल्या देशात पटली ती फार उशिरा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे अभ्यासकांनी मोजून दाखविले. आणि २०१३ साली त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याची स्वतःची योजना आखली. आता सूचनांना रंग आले आहेत: पिवळा, नारिंगी, लाल. २०२३ मध्ये मोबाइलवर कर्कश आवाजात सरकारी चाचणी-सूचना आली, तेव्हा आमच्या चाळीतल्या एका आजोबांनी ‘गिरणीचा भोंगा पुन्हा सुरू झाला की काय?’ म्हणून विचारले होते!

मात्र या लाटेची व्याख्या वाचकांनी एकदा समजून घ्यावी. किनारपट्टीवर पारा निदान ३७ अंश हवा आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी अधिक हवा. तेही विभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. शास्त्राला काटेकोर असावेच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा पारा कुठला? मुंबईच्या दोन जुन्या मानाच्या जागा म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन टोकांत एवढा फरक पडू शकतो, तर मधल्या परळ-लालबागचे काय? शिवाय पारा मोजतात तो सावलीत, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर नव्हे.

आणि नुसता पाराही पुरेसा नाही. नागपूरकर पाहुणे आमच्याकडे आले की माठातले पाणी पिऊन हमखास नाक मुरडतात: ‘हे काय, गारच नाही!’ दोष माठाचा नाही. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. मुंबईची हवा आधीच ओली. पाणी उडणार कसे? माणसाचे शरीरही असाच एक पाझरणारा माठ आहे. वेधशाळेत एका उष्णतामापकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून जे मोजतात ते हेच.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून तेथली हवा मुद्दाम ओली ठेवीत. धाग्याची काळजी घेतली जाई, आणि माणूस त्या वाफेत आठ तास उभा राही. ‘ऊन परवडलं, पण घामाला जायला वाट पाहिजे,’ असे ते म्हणत. १९८२ च्या संपाने साचे थांबले, तरी हे वाक्य ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. आर्द्रतेवर मी पुढे पुष्कळ वाचले. एवढ्या थोड्या शब्दांत कुणी सांगितलेले आढळले नाही. हवामान खाते आता ‘उष्ण व दमट हवा’ अशी निराळी सूचना देऊ लागले आहे. ती ऐकताना मला साचेखाते आठवते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे जमली होती. कित्येक आदल्या रात्रीच येऊन बसली होती. समुदाय उघड्यावर, डोक्यावर छप्पर नाही, आणि सोहळा चालला भर दुपारी. जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. उष्माघाताने चौदा माणसे गेली. ३८ हा आकडा सावलीतल्या पेटीतला होता. माणसे उन्हात होती, आणि हवा खाडीकाठची.

त्यानंतर काही दिवसांतच सरकारने दुपारी बारा ते पाच या वेळात उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. योग्यच केले. परंतु कार्यक्रम एका दिवसाचा असतो. फाल्गुन लागला की लालबागची मसाला गल्ली फुलते. वर्षाचा मसाला करून ठेवण्याचे हेच दिवस. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांचे ढीग लागतात. बाया सकाळी लवकर येऊन मिरची निवडतात आणि तिखट वासाने डोळे पुसत डंकापाशी नंबर लावतात. मिरची चांगली तापली तरच नीट कुटली जाते, म्हणून कडक ऊन येथे हवेच असते. खारा वारा उशिरा आला तर गिऱ्हाईक खूश असते, आणि डंकावरचा माणूस तोंडाला ओला पंचा बांधून एकामागून एक घाण घालीत असतो. गेल्या मार्चमध्ये मी त्यातल्या एकाला विचारले, ‘आज पिवळी सूचना आहे, ठाऊक आहे का?’ तो म्हणाला, ‘सर, सीझन आहे,’ आणि त्याने पुढची पिशवी उघडली.